एक्स्टेन्शन क्लास (जावा)

मूळ सॉफ्टवेअर पुन्हा बिल्ड न करता, ते चालू असतानाच बाहेरून आणून जोडलेला जावाचा क्लास. कोणता क्लास येणार हे मूळ कोडला ठाऊक नसते. ठाऊक असतो तो फक्त इंटरफेस.

हे काम क्लासलोडर करतो. जेडीके १.२ (१९९८) पासून रूढ रीत अशी, की लोडर आधी आपल्या पालक लोडरकडे विचारणा करतो आणि तिथे क्लास मिळाला नाही तरच स्वतः शोधतो. क्लासची ओळख नाव आणि लोडर या दोहोंवरून ठरते. त्यामुळे तोच इंटरफेस दोन लोडरांनी वेगवेगळा लोड केला, तर नाव जुळूनही क्लासकास्टएक्सेप्शन येते. इंटरफेस सामाईक पालकाकडेच ठेवणे, हा त्यावरचा खात्रीचा उपाय.

भारतातले अभ्यासण्याजोगे उदाहरण ‘बहमनी’ या रुग्णालय-प्रणालीचे. बिलासपूरजवळच्या गनियारीत, जन स्वास्थ्य सहयोगच्या रुग्णालयात ती प्रथम रुजली, बांधली थॉटवर्क्स कंपनीने. तिचा पाया ओपनएमआरएस ही वैद्यकीय नोंदींची प्रणाली. त्यात प्रत्येक मॉड्यूल ‘ओमॉड’ फाइल म्हणून येते आणि प्रत्येकाला स्वतंत्र क्लासलोडर मिळतो.

बहमनीने त्यापुढे पाऊल टाकले. ‘ऑब्सव्हॅल्यूकॅल्क्युलेटर’ हा इंटरफेस मूळ कोडमध्ये, पण त्यामागचे सूत्र ‘ऑब्सकॅल्क्युलेटर’ फोल्डरमधल्या, ग्रूव्ही या जावासोबत चालणाऱ्या भाषेतल्या फाइलमध्ये. सुरुवातीच्या कोडमध्ये, रुग्णाची नोंद सेव्ह होताना ग्रूव्हीक्लासलोडर आपली कॅश रिकामी करतो, फाइल वाचून क्लास तयार करतो आणि त्याची ‘रन’ मेथड चालवतो. उंची १५० सेंमी व वजन ४५ किलो भरले, की बीएमआय २० आपोआप नोंदला जातो. सूत्र बदलले तर पुढच्याच नोंदीला ते लागू. सर्व्हर बंद करावा लागत नाही. ग्रामीण रुग्णालयासाठी ही सोय फार मोलाची आहे. किंमतही आहेच: दर वेळी फाइल नव्याने कंपाइल होते, आणि तिच्यातली चूक बिल्डमध्ये नव्हे, तर रुग्ण समोर असताना उघडी पडते. त्या फोल्डरमध्ये लिहिण्याची मुभा म्हणजे सर्व्हरवर कोड चालवण्याची मुभा, हेही ध्यानात ठेवावे.

खुद्द जावात, इंटरफेस पुरवणारे क्लास शोधून देणारा सर्व्हिसलोडर जावा ६ (२००६) पासून आहे. जावा ९ (२०१७) च्या मॉड्यूल पद्धतीत ‘यूझेस’ आणि ‘प्रोव्हाइड्स’ या घोषणांनी, इंटरफेस कोण वापरतो आणि कोण पुरवतो, हा करार मॉड्यूलमध्येच लिहिता येतो. एक्स्टेन्शन क्लास ठेवण्याचे जुने ‘एक्स्ट’ फोल्डर त्याच आवृत्तीत रद्द झाले.

आणखी एक मार्ग ओएसजीआय: चालत्या जावा प्रोग्रॅममध्ये मॉड्यूल जोडण्या-काढण्याची, एक्लिप्स या प्रोग्रॅमिंग साधनाने ३.० (२००४) पासून स्वीकारलेली पद्धत.

नव्या कामाला सर्व्हिसलोडरच घ्यावा. ग्रूव्हीची वाट, सूत्र वापरणाऱ्याच्याच हाती हवे असेल तिथेच धरावी.