‘दारू’ या शब्दाची व्याप्ती आणि आयुर्विम्यातील जोखीम

बोर्ली पंचतन हे श्रीवर्धन तालुक्यातील, दिवेआगरच्या शेजारचे, नारळी-पोफळीच्या वाड्यांचे गाव. १९४८ मध्ये जंजिरा संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, तोपर्यंत हे गाव त्या संस्थानात मोडत असे. या किनाऱ्यावरील भाषेत झाडापासून मिळणाऱ्या पेयास एकच एक नाव नाही. पहाटे उतरवलेला, न आंबलेला रस ती नीरा. माडाचा आंबलेला रस ती माडी. ताडाचा तो ताडी. आणि भट्टी लावून गाळलेली ती दारू. ही विभागणी केवळ कोशातील नव्हे. माडी घेणाऱ्या माणसास ‘दारू पिता काय’ असे विचारले आणि त्याने ‘नाही’ असे उत्तर दिले, तर त्याच्या भाषेपुरते ते उत्तर खोटे नसते. आयुर्विम्याच्या प्रस्तावपत्रात मात्र नेमका हाच प्रश्न असतो, आणि त्याच्या उत्तरावर पुढे एखाद्या कुटुंबाचे भवितव्य अवलंबून राहते. या प्रश्नाचा इतिहास म्हणूनच पाहण्यासारखा आहे.

मद्यपान आणि आयुर्मान यांची सांगड विमाव्यवसायाने प्रथम उलट्या दिशेने घातली होती. इंग्लंडमध्ये रॉबर्ट वॉर्नर या क्वेकरपंथीय गृहस्थास, तो मद्य मुळीच घेत नाही म्हणून, एका कंपनीने जादा हप्ता मागितला, असे सांगितले जाते. संपूर्ण वर्ज्य करणारा मनुष्य तेव्हा अशक्त समजला जाई. त्यातून १८४० मध्ये मद्यवर्ज्य करणाऱ्यांची स्वतंत्र विमासंस्था निघाली. पुढे तिने इतर विमेदारही घेतले, परंतु दोन्ही वर्गांचे हिशेब वेगळे ठेवले. त्या हिशेबांवर आधारलेला रॉडरिक मॅकेंझी मूर यांचा निबंध १९०४ मध्ये लंडनच्या विमागणितज्ञांच्या संस्थेपुढे आला. वर्ज्य करणाऱ्यांचे मृत्युमान कमी, असा त्याचा निष्कर्ष होता. तथापि असा मनुष्य बहुधा इतर बाबतींतही संयमी असतो; तेव्हा हे श्रेय एकट्या वर्जनाला देता येत नाही. १९२६ मध्ये अमेरिकेत रेमंड पर्ल यांनी मिताहारी मद्यपी आणि अतिरेकी मद्यपी यांत स्पष्ट भेद करून दाखवला. तेव्हापासून ‘पितो की नाही’ याहून ‘काय, किती आणि किती वेळा’ हा प्रश्न महत्त्वाचा ठरला.

हिंदुस्थानात जोखमीची पारख आरंभी सवयीवरून नव्हे, तर वंशावरून होत होती. परकीय कंपन्या एतद्देशीयांचा विमा उतरवीत तेव्हा सरसकट जादा हप्ता घेत. १८७० मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे म्युच्युअलने भारतीयांस सर्वसाधारण दराने विमा दिला. वंशाचा निकष मागे पडला, तसे व्यक्तीच्या प्रकृतीस, व्यवसायास व सवयींस महत्त्व आले. साहजिकच भार प्रश्नावलीवर, म्हणजे शब्दांवर, पडला.

याच काळात सरकारची दुसरी प्रश्नावली चालू होती. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने मद्य आणि मादक द्रव्ये यांवरील करव्यवस्था एकत्र बांधली. झाडे छेदण्यासही परवाना लागू लागला. पुढे मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आला आणि १९५० पासून पूर्ण दारूबंदी झाली. या कायद्याच्या व्याख्येत ताडीचा अंतर्भाव मद्यातच होतो. म्हणजे भाषेने जे वेगळे ठेवले ते कायद्याने एक केले. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, परवान्याशिवाय मद्य घेणे हाच गुन्हा ठरल्यामुळे प्रस्तावपत्रातील खरे उत्तर हे गुन्ह्याच्या कबुलीसारखे झाले. अशा स्थितीत ‘नाही’ या उत्तरावरून माणसाची सवय कळेल, ही अपेक्षाच व्यर्थ होती.

१९ जानेवारी १९५६ रोजी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली. ते याच जिल्ह्यातील, महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले. त्याच वर्षी १ सप्टेंबरला २४५ संस्थांचा व्यवसाय एकत्र करून महामंडळ अस्तित्वात आले. विमा खेड्यापर्यंत पोहोचला आणि प्रश्न विचारणारा व उत्तर देणारा यांच्या भाषेतील अंतरही त्याबरोबर वाढले. प्रस्ताव अनेकदा दुसराच कोणी भरतो आणि विमेदार खाली सही करतो.

या अंतराचा न्यायनिवाडा १९३८ च्या विमा कायद्यातील ४५ व्या कलमाने होतो. मिथूलाल नायक प्रकरणात १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मूळ कलमाचा अर्थ लावताना तीन कसोट्या सांगितल्या: लपवलेली गोष्ट महत्त्वाची असावी, ती कपटाने लपवलेली असावी, आणि ती खोटी असल्याचे विमेदारास त्या वेळी ठाऊक असावे. तिसरी कसोटी वस्तुतः अर्थविचाराची आहे. २०१५ च्या दुरुस्तीने तीन वर्षांनंतर विमापत्रास कोणत्याही कारणाने आव्हान देता येत नाही. परंतु त्या मुदतीत कपटाचा आरोप आला आणि विमेदार हयात नसला, तर तो खोडून काढण्याचा भार वारसांवर पडतो. म्हणजे मृत पतीने ‘दारू’ या शब्दाचा अर्थ काय घेतला होता, हे त्याच्या विधवेने सिद्ध करावयाचे!

आज रक्ततपासणीत यकृताची अवस्था दिसते, आणि तेवढ्यापुरते शब्दावरचे अवलंबन कमी झाले आहे. परंतु प्रत्येक प्रस्तावास तपासणी नसते. ‘दारू’ हा शब्द मूळ फारसीत औषधवाचक. मराठीत तो मद्य आणि बंदुकीची दारू अशा दोन्ही अर्थांनी रुळला. इतक्या चंचल शब्दावर करार उभा करण्यापेक्षा नीरा, माडी, ताडी, गाळलेली दारू, विलायती मद्य अशी नावे घेऊन, प्रत्येकाचे प्रमाण विचारणे अधिक न्याय्य ठरेल. त्याने विमासंस्थेस जोखीम अधिक अचूक कळेल. आणि बोर्लीच्या वाडीतील माणसास आपण कशाची साक्ष देत आहोत, हे सही करण्यापूर्वी कळेल.