पाळणाघराचा हिशेब : एका अभ्यासक्षेत्राची प्रस्तावना

1948च्या कारखाने अधिनियमात 46वे कलम उपाहारगृहाचे होते, 47वे विश्रांतीच्या आणि जेवणाच्या खोलीचे, आणि त्यांच्या मागोमाग 48वे पाळणाघराचे. तिन्ही कलमे 'कल्याण' या प्रकरणात येत. मालकाने कामगारांच्या मुलांसाठी काय करावे, या विषयात नव्याने पाऊल टाकणाऱ्याने हा क्रम आधी पाहून घ्यावा. चहा, बाकडे, पाळणा. सगळ्या मालकाने द्यायच्या सोयी. माझ्या मते विषयाची निम्मी गुंतागुंत इथेच सुरू होते. मूल सांभाळल्याशिवाय ज्या कामगाराला कामावर येताच येत नाही, त्याचे मूल सांभाळणे हा कामाचाच खर्च आहे. तो कोणाच्या खात्यावर टाकायचा, एवढाच खरा प्रश्न आहे.

मुंबईच्या कापडगिरण्यांत हा खर्च कित्येक वर्षे तान्ह्या मुलांच्या अंगावर पडला. बाळाला अफूची गोळी चाटवून आई पाळीवर जाई. त्या गोळीला लोक बाळागोळीच म्हणत. 1931च्या शाही श्रम आयोगालाही या प्रथेची दखल घ्यावी लागली. बाळंतपणाच्या भत्त्याचा देशातला पहिला कायदा 1929मध्ये मुंबई इलाख्यात झाला, तो याच गिरण्यांच्या पार्श्वभूमीवर. 1934च्या कारखाने कायद्याने मुलांसाठी खोली राखून ठेवायला लावण्याचा अधिकार सरकारला दिला, आणि 1948मध्ये पाळणाघर बंधनकारक झाले. अट होती पन्नासांहून अधिक स्त्रिया कामावर असण्याची. 1976मध्ये ती तिसांवर आली.

या आकड्यापाशी थोडे थांबू. ज्या कायद्यात बायका मोजून पाळणाघर ठरते, त्यात एकतिसावी बाई कामावर घेणे मालकाला महाग पडते. हे समजायला फार मोठे अर्थशास्त्र लागत नाही. 2017च्या मातृत्व लाभ सुधारणेने यावर अर्धा उपाय केला. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघर लागू झाले, आणि त्या पन्नासांत पुरुषही धरले गेले. 2020च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही पन्नासांची अट ठेवली. पण दिवसातून चार वेळा पाळणाघरात जाण्याची मुभा 2017च्या कायद्याने दिली ती फक्त बाईला. बाप मोजणीपुरताच आला! शिवाय बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर गेलेल्या रजेचा पगार बहुतेक खासगी कचेऱ्यांत मालकच देतो, म्हणजे जुना हिशेब दुसऱ्या दाराने परत येतो.

परदेशातले एक उदाहरण या क्षेत्रात वारंवार भेटेल. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरी कायझर कंपनीने जहाजबांधणीच्या आवारालगत बालकेंद्रे उघडली. ती पाळ्यांप्रमाणे चालत, तिथे प्रशिक्षित शिक्षिका होत्या, आणि घरी नेण्यासाठी शिजवलेले जेवणही मिळे. खर्च सरकारी युद्धकंत्राटात धरलेला होता. 1945मध्ये युद्ध संपले, कंत्राटे आटली, केंद्रे मिटली. मालकाच्या उदारतेची गोष्ट म्हणून हे उदाहरण सांगतात, तेव्हा बिल कोणी भरले तेही विचारावे.

आपल्याकडे तर त्याआधी मालकच शोधावा लागतो. बांधकामाच्या साइटवर बिल्डर ठेकेदाराकडे बोट दाखवतो, ठेकेदार पोटठेकेदाराकडे. 1996च्या बांधकाम कामगार कायद्यात पन्नासांहून अधिक स्त्री-कामगारांची अट होती. तुकड्यातुकड्यांनी वाटलेल्या मस्टरवर तेवढ्या बायका एका नावाखाली दिसतीलच असे नाही. वाळूच्या ढिगावर खेळणारी मुले मात्र सगळ्यांना दिसतात. 1969मध्ये मीरा महादेवन यांनी दिल्लीत 'मोबाइल क्रेशेस'ची सुरुवात केली ती अशाच मुलांसाठी. पुढे मुंबई-पुण्यातही साइटवरची पाळणाघरे चालू झाली. साइट संपली की पाळणाघर पुढच्या साइटवर. जागा आणि खर्चाचा वाटा बिल्डरकडून मिळवायचा हे त्या कामातले कटकटीचे अंग, आणि अभ्यासकाला सर्वांत जास्त शिकवणारेही तेच.

ऊसतोडीत मोजणीची तऱ्हा आणखी वेगळी. तिथे नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल कोयत्यावर मिळते, हिशेब कोयत्यावर होतो, आणि साखर कारखाना मुकादमाशी व्यवहार करतो. बाई स्वतंत्र कामगार म्हणून कागदावर नसेल, तर तीस काय आणि पन्नास काय! हंगामभर मूल फडाच्या कडेला झोळीत, नाहीतर कोपीवर थोरल्या बहिणीच्या कडेवर. त्या बहिणीची शाळा बुडते, म्हणजे खर्च तिच्या खात्यावर पडतो. 2005च्या रोजगार हमी कायद्याने याहून साधी वाट काढली होती. कामावर आलेल्या बायकांसोबत सहा वर्षांखालची पाच मुले असली की त्यांच्यातलीच एक बाई सांभाळायला नेमायची आणि तिला मजुरी द्यायची. अंमल कसा झाला हा वेगळा विषय. पण तिथे मोजली ती मुले, हे मला मोलाचे वाटते.

नव्या अभ्यासकांनी कंपन्यांच्या चकचकीत माहितीपत्रकांपेक्षा मस्टर, ठेक्याचे करारनामे आणि नेमणूकपत्रे वाचावीत. वकील, लेखापाल, बालवाडीच्या ताई, युनियनचे कार्यकर्ते, सगळ्यांना इथे काम आहे. पाळणाघरातल्या सेविकेचा पगार किती आणि तिचे स्वतःचे मूल दिवसभर कुठे असते, हेही विचारायला विसरू नये. आणि जी बाई रोज चार-पाच घरची धुणीभांडी करते, तिच्या मुलासाठी जागा कोणत्या घराने द्यायची, याचे उत्तर वरच्या एकाही कलमात सापडत नाही.