डिके, विल्लेम कारेल

डिके, विल्लेम कारेल (१९०५–१९६२) : डच बालरोगतज्ज्ञ. सीलिॲक रोग गव्हातील ग्लुटेन या प्रथिनामुळे बळावतो हे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केले. आजच्या ग्लुटेनविरहित आहाराचा पाया त्यातून घातला गेला. डिके यांचे शिक्षण आणि पदे बालवैद्यकातली असली, तरी पचनसंस्थेच्या रोगांचे तज्ज्ञ त्यांना आपल्यातलेच मानत आले आहेत. नेदरलँड्समधील या तज्ज्ञांच्या संघटनेचे सुवर्णपदक त्यांच्याच नावाने दिले जाते.

डिके यांचा जन्म डॉर्डरेख्टचा. लायडन विद्यापीठातून वैद्यकाची पदवी घेतल्यावर द हेग येथील यूलियाना बालरुग्णालयात त्यांनी बालरोगांचे विशेष शिक्षण घेतले आणि १९३६ मध्ये, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी, ते त्याच रुग्णालयाचे वैद्यकीय संचालक झाले. पुढची वीस वर्षे ते तेथेच होते. संशोधनासाठी खास प्रयोगशाळा किंवा मोठा निधी त्यांच्या हाताशी नव्हता. वर्षानुवर्षे वॉर्डात राहणारी किंवा पुन्हापुन्हा परत येणारी मुले आणि त्यांच्या वजन-उंचीचे काळजीपूर्वक ठेवलेले आलेख, एवढीच काय ती सामग्री.

सीलिॲकची ही मुले ओळखू येत. फुगलेले पोट, काटकुळे हातपाय, खुंटलेली वाढ, चिडका स्वभाव आणि फिकट, तेलकट, दुर्गंधी येणारे भरपूर जुलाब. अन्न पोटात जाई, पण अंगी लागत नसे. लहान आतड्यातून चरबी, लोह, फोलिक आम्ल, ड जीवनसत्त्व यांचे शोषण होत नसल्याने रक्तक्षय व मुडदूस पाठोपाठ येत. कित्येक मुले दगावत. लंडनचे सॅम्युएल गी यांनी १८८८ मध्ये या विकाराचे नेमके वर्णन केले होते आणि बरा झालाच तर तो आहारानेच होईल, असेही म्हटले होते. आहार कोणता, यावर मात्र ते चकले. साबुदाणा, भात आणि मक्याचे पीठ त्यांनी वर्ज्य सांगितले, तर दोन्ही बाजूंनी खरपूस भाजलेल्या पावाच्या पातळ कापांना मोकळीक दिली. म्हणजे निरुपद्रवी पदार्थ बंद आणि अपायकारक तेवढा चालू! त्यांच्याच एका रुग्णाला रोज हॉलंडचे शिंपले खाऊन चांगला गुण आला होता. शिंपल्यांचा हंगाम संपला आणि दुखणे उलटले.

अमेरिकेत सिडनी हास यांनी १९२४ मध्ये केळ्यांचा आहार सुचवला. त्याने मुले सुधारत, कारण केळ्यांच्या जोडीने पावही बंद होई. श्रेय मात्र केळ्याला मिळाले. मूल बरे झाले असे समजून पाव पुन्हा सुरू केला की वर्ष-दोन वर्षांत पहिले पाढे पंचावन्न. ब जीवनसत्त्वाचा अभाव हेच रोगाचे मूळ मानून यकृताचा अर्क टोचणारे डॉक्टरही तेव्हा होते. त्यांनी परिणामालाच कारण समजले होते. अभाव खराच होता, पण तो आतड्याच्या बिघाडातून उद्भवलेला होता.

डिके यांनी गहू वगळून पाहण्यास १९३४ ते १९३६ च्या दरम्यान सुरुवात केली. पाव बंद केल्यावर मुलाच्या अंगावरचे पुरळ झपाट्याने कमी होते, असे एका तरुण आईने त्यांना सांगितल्याची आठवण पुढे सहकाऱ्यांकडून नोंदवली गेली. एवढ्या एका गोष्टीवर सगळा शोध उभा आहे असे मानण्याचे कारण नाही. पण आईचे म्हणणे कानाआड न करणारा हा डॉक्टर होता, हे त्यातून कळते. १९४१ मध्ये एका डच वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी सीलिॲकच्या मुलांसाठी साधा आहार प्रसिद्ध केला. पाव आणि टोस्ट अजिबात नको, दोन वेळा गरम जेवण, तिसऱ्या वेळी गव्हाचे पीठ न घातलेली दुधाची लापशी.

ही तारीख लक्षात ठेवायला हवी, कारण डिके यांच्याविषयी सर्वाधिक सांगितली जाणारी कथा तिच्या नंतरची आहे. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन नाकेबंदीमुळे पश्चिम नेदरलँड्समध्ये भीषण उपासमार झाली. लोकांनी ट्यूलिपचे कंद आणि साखरेचे बीट खाऊन दिवस काढले. सुमारे २०,००० माणसे मेली. सगळे शहर खंगत असताना सीलिॲकची मुले सुधारत होती आणि मदतीचा पाव येताच पुन्हा आजारी पडली. ते पाहून डिके यांना रहस्य उलगडले, असे ही कथा सांगते. कथा नाट्यमय आहे, पण तिने क्रम उलटा केला आहे. गव्हावरचा संशय दहा वर्षे जुना होता. दुष्काळाने त्याला पुष्टी दिली, इतकेच म्हणता येते. शिवाय उपासमारीत पावाबरोबर इतरही दहा गोष्टी ताटातून गेलेल्या असतात. त्यावरून गव्हाला दोषी ठरवणे शास्त्राच्या कसोटीला उतरले नसते.

खरा पुरावा युद्धानंतर उट्रेख्टमध्ये उभा राहिला. तेथील रसायनशास्त्रज्ञ फान दे कामर यांनी मलातील चरबी जलद व अचूक मोजण्याची पद्धत १९४९ मध्ये प्रसिद्ध केली. डिके, फान दे कामर आणि बालरोगतज्ज्ञ वायर्स यांनी मुलांना काही काळ गव्हासह आणि काही काळ गव्हाविना आहार दिला, प्रत्येक टप्प्यातला मल गोळा केला आणि खाल्लेल्या चरबीपैकी किती शोषली गेली याचा हिशेब मांडला. गहू सुरू केल्यावर भूक मरे, मलाचे प्रमाण वाढे, त्यातली चरबी चढे. राय या धान्याचाही तोच परिणाम. तांदूळ, मका आणि बटाटा निर्दोष ठरले. विशेष म्हणजे गव्हाचा शुद्ध स्टार्चही निर्दोष निघाला. दोष होता तो कणकेला चिवटपणा देणाऱ्या ग्लुटेनमध्ये आणि त्यातही ग्लायडिन या भागात. (कुरडईसाठी काढलेला गव्हाचा चीक बहुतांशी स्टार्चच असतो, पण घरगुती पद्धतीने ग्लुटेन पुरते निघत नाही, त्यामुळे रुग्णांना कुरडई चालत नाही.)

डिके यांनी १९५० मध्ये उट्रेख्ट विद्यापीठाला सादर केलेला प्रबंध डच भाषेत होता. रुग्ण मोजकेच, पण प्रत्येकाचा पाठपुरावा अनेक वर्षांचा. १९५२ मध्ये शार्लट अँडरसन व त्यांच्या बर्मिंगहॅम येथील सहकाऱ्यांनी ‘द लॅन्सेट’मध्ये ग्लुटेनच्या दोषाला दुजोरा दिला आणि इंग्रजी वाचणाऱ्या जगाला ही गोष्ट मुख्यतः त्यांच्याकडून कळली. डच गटाचे इंग्रजी निबंध १९५३ मध्ये आले. १९५७ मध्ये डिके उट्रेख्ट विद्यापीठात प्राध्यापक आणि विल्हेल्मिना बालरुग्णालयाचे संचालक झाले. पाचच वर्षांनी त्यांचे निधन झाले.

ग्लुटेन आतड्यात नेमके काय करते, हे डिके यांच्या संशोधनातून कळत नव्हते. इंग्लंडमधील पॉली यांनी १९५४ मध्ये शस्त्रक्रियेत मिळालेल्या नमुन्यांवरून लहान आतड्याच्या अस्तरातील विकृती दाखवली. तोंडावाटे नमुना घेण्याची साधने त्यानंतर लगेच आली आणि अन्नरस शोषणारे सूक्ष्म उंचवटे, म्हणजे उद्वर्ध, सपाट झालेले सर्वत्र दिसू लागले. ठरावीक जनुके असलेल्यांपैकी काहींच्या शरीरातील प्रतिकारशक्ती ग्लुटेनमुळे स्वतःच्याच ऊतींवर उलटते, हे पुढच्या दशकांत स्पष्ट झाले. तिचे लक्ष्य असलेले विकर १९९७ मध्ये ओळखले गेले आणि आजची रक्ततपासणी प्रामुख्याने त्यावर बेतलेली आहे.

भारतात २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत सीलिॲकची प्रतिपिंडे उत्तरेत १.२३, ईशान्येत ०.८७ आणि दक्षिणेत ०.१० टक्के लोकांत आढळली. पूरक जनुकांचे प्रमाण तिन्हीकडे जवळपास सारखे होते. गव्हाचा रोजचा वापर मात्र उत्तरेत सुमारे ४५५ ग्रॅम, तर दक्षिणेत २५ ग्रॅम. ज्वारी, बाजरी, नाचणी आणि तांदूळ यांत ग्लुटेन नसल्याने मराठी घरात पथ्य तसे सोपे वाटते. प्रत्यक्षात गव्हामागून त्याच गिरणीत दळलेली ज्वारी आणि गव्हाचे पीठ मिसळलेला बाजारी हिंग यांतूनही ग्लुटेन पोटात जाते.