कामशेत ते गणेशखिंड

खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत 1858 साली आगगाडी धावू लागली आणि मावळच्या भाताला पुण्याची बाजारपेठ जवळ आली. मावळच्या पोरांना पुण्यातले कॉलेज जवळ यायला मात्र आणखी शंभराहून जास्त वर्षे लागली. तिकिटाचे पैसे जमले तरी राहण्या-जेवणाचा खर्च कुठून आणायचा, हा प्रश्न होताच. म्हणून शिक्षण टप्प्याटप्प्याने, गाव बदलत, कॉलेज बदलत घ्यायचे, ही रीत इथे फार जुनी आहे.

मुंबई विद्यापीठाची जुनी शिडीच तशी होती. मॅट्रिक, मग प्रीव्हियस, मग इंटर आणि शेवटी बीए. प्रत्येक पायरीला विद्यापीठाची परीक्षा. ती पार केली की पुढची पायरी दुसऱ्या गावात चढायला हरकत नसे. गोपाळ कृष्ण गोखले 1881 मध्ये मॅट्रिक झाले आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात दाखल झाले. ते कॉलेज निघून तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. तिथून ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेले आणि 1884 मध्ये बीए झाले ते मुंबईच्या एल्फिन्स्टनमधून. पुढे ज्यांच्या अंदाजपत्रकावरच्या भाषणांची कलकत्त्याच्या कायदे कौन्सिलात वाट पाहिली जाई, त्यांची पदवी अशी तीन गावांत पुरी झाली.

या शिडीवर राज्यशास्त्र हा विषय मात्र त्या काळी बहुधा जोडीनेच यायचा, कधी इतिहासाच्या, कधी अर्थशास्त्राच्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची 1912 ची बीए अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्रातली. पुढच्याच वर्षी बडोद्याची शिष्यवृत्ती घेऊन ते कोलंबियाला गेले. यशवंतराव चव्हाण कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलातून राजाराम कॉलेजात आले, 1938 मध्ये इतिहास आणि राज्यशास्त्र घेऊन बीए झाले आणि कायदा शिकायला पुण्यात आले.

मावळात या विषयाचे धडे वर्गाबाहेरही मिळत होते. राजाराम कॉलेजातलेच एक प्राध्यापक विष्णू गोविंद विजापूरकर यांचे समर्थ विद्यालय तळेगाव दाभाड्यात चालले होते. राष्ट्रीय शिक्षण देणारी ही शाळा इंग्रज सरकारला खपली नाही. ‘विश्ववृत्त’ मासिकातल्या एका लेखापायी विजापूरकर तुरुंगात गेले आणि 1910 मध्ये विद्यालयाला टाळे लागले.

अमेरिकेत साधारण याच सुमारास घराजवळ कॉलेज शिकण्याची वेगळी सोय आकाराला येत होती. इलिनॉयमधल्या जोलिएट गावात 1901 मध्ये एक कॉलेज निघाले. विद्यापीठाची पहिली दोन वर्षे घरी राहून शिकायची आणि उरलेली दोन मोठ्या विद्यापीठात. गावातली दोन वर्षे तिथे पदवीत धरली जात. महाराष्ट्रात 1975 मध्ये दहावीची पहिली बोर्ड परीक्षा झाली आणि अकरावी-बारावीचे ज्युनिअर कॉलेज सुरू झाले. पण ही दोन वर्षे पदवीच्या आधीची. तरी गावोगावच्या हायस्कुलांना अकरावीचे वर्ग जोडले गेले आणि कला शाखेचा विद्यार्थी सतराव्या-अठराव्या वर्षी घरच्या भाकरीवर राज्यशास्त्र वाचू लागला.

त्यानंतरची गोष्ट लोकलची. पुणे–लोणावळा लोकल 1978 मध्ये सुरू झाली आणि मावळातल्या कामशेतच्या मुलाला दोन्ही दिशा मोकळ्या झाल्या. मळवलीच्या पुढे लोणावळा, तिथे डॉ. बी. एन. पुरंदरे महाविद्यालय. उलट दिशेला कान्हे, वडगाव आणि मग तळेगाव, तिथे इंद्रायणी महाविद्यालय. बीए जवळपास उरकायचे आणि एमएसाठी शिवाजीनगरला उतरून 1949 मध्ये सुरू झालेल्या विद्यापीठाचे गणेशखिंडीतले आवार गाठायचे, हा रस्ता पास काढून जमू लागला.

या रस्त्यावर अभ्यासक्रमातले विषयही भेटतात. पंचायत राज पुस्तकात असते. 1 मे 1962 रोजी सुरू झालेली जिल्हा परिषद आणि वडगावची पंचायत समिती विद्यार्थ्याच्या घरच्या बोलण्यात असतात. पवना धरणाचे पाणी बंद जलवाहिनीतून पिंपरी-चिंचवडला नेण्याविरुद्ध शेतकरी उतरले. 9 ऑगस्ट 2011 रोजी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर बऊरजवळ पोलिसांच्या गोळीबारात तिघे मेले. बऊर कामशेतपासून हाकेच्या अंतरावर. धरण राज्याचे, तहान शहराची आणि जमीन गावाची, तेव्हा निर्णय कुणी घ्यायचा, हा वाद इथल्या मुलांना पुस्तकाआधी कळला होता.

पदवीच्या मध्येच कॉलेज बदलणे मात्र आजवर कटकटीचे राहिले. दाखला, विद्यापीठ बदलले तर मायग्रेशन सर्टिफिकेट, शिवाय विषय जुळतात की नाही याची तपासणी. विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) 2021 मध्ये अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स आणली. एका कॉलेजात मिळवलेले क्रेडिट तिथे विद्यार्थ्याच्या खात्यात जमा राहतात आणि दुसरीकडे नेता येतात. नव्या कॉलेजात जागा शिल्लक आहे का, ही चौकशी मात्र विद्यार्थ्याला अजून स्वतःच करावी लागते.