हक्क की सवलत?

कॅसलरॉक हे नाव उच्चारताच गोमंतकाशी नाते असलेल्या वाचकांस १५ ऑगस्ट १९५५ हा दिवस आठवतो. त्या दिवशी याच लोहमार्गाने निःशस्त्र सत्याग्रही गोव्याच्या हद्दीत शिरले आणि पोर्तुगीजांच्या गोळ्यांस सामोरे गेले. आम्हांस आज त्याच रानातील दुसऱ्या एका सीमेविषयी लिहावयाचे आहे. ती नकाशावर आढळत नाही. कायद्यातील एका शब्दात आहे.

जोयडा तालुक्यातील, म्हणजे जुन्या सुपे महालातील, कुणबी पूर्वापार कुमरी करीत. रानाचा तुकडा तोडून वाळवावा, पावसापूर्वी जाळावा, राखेत नाचणी पेरावी आणि एकदोन पिके घेऊन ती जमीन पुन्हा रानाच्या स्वाधीन करावी, अशी ही शेती. उत्तर कानडा मद्रास इलाख्यात असतानाच, १८६० च्या सुमारास, परवानगीवाचून कुमरी करण्यास मनाई झाली. १८६२ साली जिल्हा मुंबई इलाख्यात आला, तरी सरकारचा रोख बदलला नाही. पुढे १९२७ च्या वनकायद्याच्या दहाव्या कलमाने अशा फिरत्या शेतीस ‘सवलत’ ठरविले; सरकारने नियंत्रित करावी, आवळावी अथवा रद्द करावी अशी सवलत. वकिली करणाऱ्यास यातील मेख तत्काळ कळते. हक्क हिरावला तर दाद मागता येते. दिलेली सवलत काढून घेतली, तर तक्रार कशाच्या आधारे करावयाची?

या प्रश्नास १९३० साली लोकांनी आपल्या परीने उत्तर दिले. १० जुलै रोजी पुसद येथे लोकनायक बापूजी अणे यांनी राखीव जंगलातील गवत उघडपणे कापले व कारावास पत्करला. अणे हे स्वतः यवतमाळचे वकील. कोणता नियम मोडतो आहोत आणि त्यास शिक्षा काय, हे जाणूनच त्यांनी विळा हाती घेतला. आमच्या जिल्ह्यात त्याच चळवळीत अंकोला व सिद्दापूर येथील शेतकऱ्यांनी सारा देण्याचे नाकारून जमिनींची जप्ती सोसली.

‘हक्क’ हा शब्द कायद्यात यावयास २००६ साल उजाडले. वनहक्क कायद्याने रानातील गौण उपज गोळा करून विकण्याचा हक्क मान्य केला. पण २००८ च्या नियमांनी ती उपज डोक्यावरून, सायकलवरून वा हातगाडीवरून न्यावी असे सुचविले. दारात ट्रॅक्टर उभा आणि बांबू मात्र डोक्यावर! गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा गावाने हा तिढा शांतपणे सोडविला. वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेचाच, हा आग्रह गावाने सोडला नाही. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी तेथे येऊन परवान्यांचे पुस्तक गावाच्या हाती दिले. २०१२ साली नियमच बदलला व योग्य त्या कोणत्याही वाहनाची मुभा मिळाली.

जोयड्याच्या कुणब्यांची अडचण याहून बिकट आहे. २००३ साली गोव्यातील कुणबी अनुसूचित जमातींत समाविष्ट झाले. घाटावरच्या त्यांच्या भाऊबंदांचे नाव त्या कायद्यात आले नाही. जमातीच्या यादीत नसलेल्या वनवासीयास १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, रहिवास सिद्ध करावा लागतो. हिशेब केला तर तो मागे १९३० च्याच डिसेंबरात जाऊन पोहोचतो. ज्यांच्या हाती कागद कधी पडलाच नाही, त्यांनी इतका जुना पुरावा कोठून आणावा?

पुराव्याची यादी मात्र आम्हांस उदार वाटते. तीत गॅझेटियर आहे, वनखात्याचे अहवाल आहेत. म्हणजे ज्या दप्तरांनी कुमरीस दोष दिला, तीच आज साक्षीस येऊ शकतात. कानडा जिल्ह्याचे १८८३ चे गॅझेटियर त्यांपैकीच. वृद्धांचे लेखी जबाब चालतात. विहिरी, दफनभूमी व देवस्थानेही चालतात. एकाहून अधिक पुरावे हवेत, एवढेच.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळजण देवस्थानांच्या समित्यांवर आहेत. कोणत्या वाड्याकडे पालखीचा मान होता, नवान्नाची नाचणी कोठून आली, अशा नोंदी जुन्या वह्यांत सापडू शकतात. अशी नोंद एकटीच दावा जिंकून देईल असे आम्ही म्हणत नाही. परंतु ऐंशी-नव्वदीच्या आजोबांच्या जबाबास तिचा आधार मिळेल. वह्यांना वाळवी लागण्यापूर्वी त्या उघडून पाहाव्यात आणि १९३० च्या आधीची पाने तेवढी नकलून ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडे द्यावीत.