पिलाची शिदोरी आईच्या खुराकात



धनज भागात खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवायची रीत जुनीच. २१ दिवसांनी पिले निघतात. पण कधी निम्मी अंडी उबतच नाहीत, तर कधी पिलांची बोटे आत वळतात, अंग धरत नाही. आपण म्हणतो, ऊब कमी पडली. तेही असते, पण पुष्कळदा दोष आईच्या खुराकात असतो. हे कसे उमगले, ते पाहा.

१८९० च्या सुमारास जावा बेटावर डॉ. आयकमन यांच्या कोंबड्या लुळ्या पडू लागल्या. त्यांना पांढरा, कोंडा काढलेला तांदूळ मिळत होता. कोंड्यासकट तांदूळ देताच त्या सुधारल्या. या कामाबद्दल त्यांना १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे कळले, की आईला ब-२ जीवनसत्त्व कमी पडले तर गर्भ अंड्यातच मरतो किंवा पिलाची बोटे वळतात. १९४८ साली ब-१२ सापडले. मग निव्वळ धान्य-पेंडीवरच्या कोंबड्यांची अंडी कमी का उबतात, याचा उलगडा झाला.

आपल्या आजीच्या कोंबडीला हे कुणी शिकवले नव्हते. ती उकिरडा उकरायची, किडे वेचायची, हिरवा पाला टोचायची. कोंबडी खुराड्यात कोंडली, नुसती ज्वारी टाकली, की ही जबाबदारी आपल्यावर आली. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ साली व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली. अशा धंद्यात पिलांच्या आईबापांचा खुराक वेगळा, जास्त जीवनसत्त्वांचा असतो, तो याचसाठी.

पिलू बाहेर येताना उरलेला बलक पोटात घेऊन येते. तीच त्याची पहिली शिदोरी. ती आईने भरायची असते. म्हणून अंडी उबवायला ठेवण्यापूर्वी तीन-चार आठवडे कोंबडीला भरडलेल्या ज्वारी-मक्यासोबत सोयाबीनची पेंड, थोडी मासळीची कुटी, शिंपल्यांचा चुरा, लसूणघास किंवा शेवग्याचा पाला द्या. ताक उरले तर तेही पाजा. आपल्याकडे सरकीची पेंड मुबलक; पण ती या कोंबड्यांना नको. तिच्यामुळे ठेवलेल्या अंड्यांचा बलक हिरवट होतो, अंडी कमी उबतात.

बोटे वळून बरेच दिवस गेले, की औषधाचा उपयोग होत नाही. तेव्हा पिलाची काळजी अंडे घालण्याआधीच घ्या.