लाल ओकच्या बोगद्यातली वायर

दिग्रसच्या बाजारपेठेत एखाद्या दुकानाचं फॉल्स सीलिंग चालू असेल, तर मान वर करून पाहा. सीसीटीव्हीच्या, इंटरनेटच्या, फोनच्या वायरींचा गुंता पीओपीच्या आड जाताना दिसेल. या वायरींच्या अग्निसुरक्षेच्या नियमाचं कूळ शोधत गेलं, की हाती लागते लाकडाची फळी.

रूढ कथा अशी : 27 फेब्रुवारी 1975 रोजी न्यूयॉर्कचं सेकंड अव्हेन्यूवरचं टेलिफोन एक्स्चेंज पेटलं, पीव्हीसीचा विषारी धूर कोंदला, पावणेदोन लाखांच्या आसपास फोन मुके झाले आणि नियम कडक झाले. मला हे पटत नाही. अमेरिकेच्या वीजसंहितेच्या 1975 च्याच आवृत्तीत, एसीची हवा खेळणाऱ्या सीलिंगमधली वायर धातूच्या नळीतून नेण्याची अट होती. 1978 च्या आवृत्तीनं उलट सूट दिली : वायर कमी पेटणारी, कमी धुराची असेल तर नळी नको. म्हणजे आगीनंतर हा नियम सैल झाला! माझ्या मते या सवलतीचा खरा बाप नळीचा खर्च. आगीनं फार तर बारसं केलं.

पण ‘कमी’ म्हणजे किती? यूएल या संस्थेत स्टायनर नावाच्या अभियंत्यानं भिंती-छताचं सामान तपासायला 25 फुटी बोगदा उभारला होता. ॲस्बेस्टॉस-सिमेंटचा पत्रा 0, लाल ओकची फळी 100, असं त्याचं माप. त्याच बोगद्यात पुढे वायरी गेल्या. 20 मिनिटं ज्योत द्यायची. आग 5 फुटांपुढे सरकता कामा नये, धूरही ठरल्या मर्यादेत हवा. आम्हा सागवानाच्या मुलखातल्यांना या परक्या लाकडाचं कौतुक वाटणारच.

युरोपनं वेगळी वाट धरली : 3 मीटरच्या घनाकृती खोलीत धूर मोजा, हॅलोजन (म्हणजे पीव्हीसीतल्या क्लोरीनसारखी द्रव्यं) टाळा. आपली एफआरएलएस, म्हणजे कमी पेटणारी, कमी धुराची वायर, अधलीमधली. तिच्या आवरणातून हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू वजनाच्या 20 टक्क्यांपर्यंत निघाला तरी चालतो. त्यामुळे मला युरोपचं म्हणणं जास्त पटतं. माणूस बहुधा ज्वाळेआधी धुरानं गुदमरतो. 22 जुलै 2019 रोजी वांद्र्याच्या एमटीएनएल इमारतीला आग लागली, तेव्हा धुरामुळे गच्चीवर गेलेल्या 84 जणांना शिडीनं उतरवावं लागलं.

महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निसुरक्षा कायद्यानं जबाबदारी मालकावर आणि वापरणाऱ्यावर टाकली आहे. तेव्हा सीलिंग बंद होण्याआधी वायरिंगवाल्याकडून वायर हातात घ्या आणि आवरणावर छापलेली एफआरएलएससारखी अक्षरं वाचा. काहीच छापलेलं नसेल, तर ती वायर परत करा.